छोट्या फ्युजन मशीनमधली उष्णता बाहेर काढायची कशी, आणि नुसतं पाणी वाढवून का भागत नाही

प्रश्न विचारणारा मुलगा इथलाच, वडोदऱ्याचा, एमएसयूला (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, आता नवीन सुपरकंडक्टरमुळे टोकामॅक (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा, म्हणजे चार्ज असलेल्या कणांचा अतितप्त वायू, धरून ठेवणारं कड्याच्या आकाराचं फ्युजन मशीन) लहान करता येतो असं सगळे सांगतात, लहान मशीन म्हणजे कमी खर्च, मग उष्णता बाहेर काढणं हाच सगळ्यात मोठा अडथळा असं काही लोक का म्हणतात? कूलिंग वॉटरचा फ्लो वाढवला, मोठा चिलर लावला की झालं ना? आणि या विषयावर वडोदऱ्यात बसून प्रोजेक्ट करता येईल का?"

चांगला प्रश्न आहे आणि मेकॅनिकलवाल्यानेच विचारावा असा आहे, कारण फिजिक्सवाले प्लाझ्माच्या मधल्या भागाबद्दल भरभरून बोलतात आणि कडेला काय होतं ते शेवटच्या दोन स्लाइडमध्ये उरकतात. मी हीट ट्रान्सफरचा माणूस, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एक्स्चेंजरच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढची बरीच वर्षं प्लाझ्माच्या समोर बसणाऱ्या कूल्ड पॅनलचं डिझाइन आणि टेस्टिंग यात गेली, त्यामुळे मी भिंतीच्या बाजूने सांगतो. सरळ उत्तर आधी देतो: मशीन लहान केलं की उष्णता त्या प्रमाणात कमी होत नाही, पण ती जिथे येऊन पडते ती जागा मात्र कमी होते, आणि धातू आणि पाणी मिळून एका चौरस मीटरमधून जेवढी उष्णता ओढू शकतात ती मर्यादा गेली कित्येक वर्षं जवळपास तिथेच आहे, पुढेही फार हलेल असं मला वाटत नाही. म्हणून उष्णता भिंतीवर पोचायच्या आधीच पांगवावी लागते. बाकी सगळं याच्याभोवतीच फिरतं.

आधी एक गैरसमज काढू. १० कोटी डिग्री हा आकडा ऐकून लोकांना वाटतं की भिंतीला तापमानाची भीती आहे. तसं नाहीये. प्लाझ्मा इतका विरळ असतो की तापमान भयंकर असलं तरी त्यात साठलेली ऊर्जा मर्यादितच असते. भिंतीला मारते ती पॉवर, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर पडतेय आणि ती किती जागेवर पडतेय.

आता हिशोब बघ. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या एका रिॲक्शनमधून १७.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा निघते, त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो आणि ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे म्हणजे अल्फाकडे राहतात. न्यूट्रॉनला चार्ज नाही, तो चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाही, सगळ्या दिशांना पसरतो आणि ब्लँकेटमध्ये (प्लाझ्माभोवतीचं जाड आवरण, ट्रिटियमही त्यातच तयार करायचं असतं) खोलवर जाऊन थांबतो, त्यामुळे त्याची उष्णता मोठ्या आकारमानात वाटली जाते आणि ती काढणं हे नेहमीचं इंजिनिअरिंग आहे, अवघड असलं तरी ओळखीचं. त्रास उरलेल्या २० टक्क्यांचा. अल्फा आतच अडकतो, प्लाझ्माला गरम ठेवतो, त्यात आपण बाहेरून दिलेली हीटिंग मिळवायची, आणि स्टेडी स्टेटला जेवढं आत येतं तेवढं बाहेर गेलंच पाहिजे. फ्रान्समधल्या इटर या मोठ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकचं डिझाइन ५०० मेगावॅट फ्युजनचं, म्हणजे १०० मेगावॅट अल्फाचे आणि ५० बाहेरून दिलेले, एकूण १५०. त्याची मोठी त्रिज्या (मशीनच्या मध्यापासून प्लाझ्माच्या कड्याच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर. आता एमआयटीच्या लोकांनी २०१५ मध्ये मांडलेलं आर्क नावाचं कॉम्पॅक्ट रिॲक्टरचं डिझाइन घे: फ्युजन पॉवर ५२५ मेगावॅट, त्रिज्या ३.३ मीटर, चुंबकीय क्षेत्र ९.२ टेस्ला. अल्फाचे १०५ आणि हीटिंगचे सुमारे ३९ धरले की १४४ मेगावॅट होतात. म्हणजे बाहेर टाकायची उष्णता जवळजवळ इटरएवढीच, मशीन मात्र निम्म्या त्रिज्येचं! लहान मशीनची सगळी मजा यातच आहे की जोरदार क्षेत्रामुळे कमी जागेत तेवढीच पॉवर निघते, आणि एक्झॉस्टचं दुखणंही नेमकं त्यातूनच येतं, दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

तरी तू म्हणशील, १४४ मेगावॅट काही फार नाही, कोयलीच्या रिफायनरीत एवढी उष्णता इकडून तिकडे रोज जाते. खरं आहे. आणि ही उष्णता आतल्या संपूर्ण भिंतीवर सारखी पसरली तर आर्कच्या साधारण २०० चौरस मीटर पृष्ठभागावर चौरस मीटरला ०.७ मेगावॅट इतकीच येते, त्यात काही आकाश कोसळत नाही. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

पण ती सारखी पसरत नाही. चार्ज असलेले कण फील्ड लाइनला धरून पळतात. मधल्या भागात फील्ड लाइन बंद असतात, म्हणजे फिरून फिरून त्याच पृष्ठभागावर येतात, आणि एका हद्दीच्या बाहेर त्या उघड्या होतात व सरळ धातूवर जाऊन टेकतात. कण आतून हळूहळू झिरपत त्या हद्दीपर्यंत येतात, पण हद्द ओलांडली की फील्ड लाइनवरून खाली डायव्हर्टरकडे, म्हणजे ही उष्णता झेलायला ठेवलेल्या भागाकडे, सुसाट जातात, बाजूला पसरायला त्यांना वेळच मिळत नाही. त्यामुळे सगळी उष्णता एका पातळ थरातून वाहते. तो थर किती पातळ? २०१३ मध्ये आइख आणि सहकाऱ्यांनी जेट, डीथ्री-डी, ॲस्डेक्स अपग्रेड, सी-मॉड, एनएसटीएक्स, मास्ट अशा वेगवेगळ्या आकाराच्या मशीनची मोजमापं एकत्र करून दाखवलं की ही जाडी मुख्यतः पोलॉइडल क्षेत्रावर (प्लाझ्माच्या कड्याला आडवा वेढा घालणारं चुंबकीय क्षेत्र) ठरते, क्षेत्र वाढलं की जाडी कमी, आणि मशीनच्या आकाराशी तिचा जवळजवळ संबंध नाही. १ टेस्ला पोलॉइडल क्षेत्राला जाडी साधारण ०.६ मिलीमीटर, २ टेस्लाला ०.३ च्या खाली. मिलीमीटरमध्ये बोलतोय मी, मीटरच्या मशीनमध्ये. हा निकाल आला तेव्हा या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांची झोप उडाली, कारण तोवर आशा होती की मोठ्या मशीनमध्ये थर जाड होईल. कॉम्पॅक्टवाल्यांना तर दोन्हीकडून मार आहे, त्रिज्या कमी म्हणून परीघ कमी आणि क्षेत्र जास्त म्हणून थर पातळ.

कागदावर करून बघ. समजा ६० मेगावॅट डायव्हर्टरच्या बाहेरच्या टार्गेटकडे (कण जिथे आदळतात तो पृष्ठभाग) निघालेत, टार्गेटची रिंग ३ मीटर त्रिज्येची, परीघ १८.८ मीटर, थर ०.५ मिलीमीटर. क्षेत्रफळ आलं ९४ चौरस सेंटिमीटर. फील्ड लाइन खाली येताना थोड्या फाकतात, टार्गेट तिरपं ठेवता येतं, थोडं बाजूला झिरपणं होतं, हे सगळं मिळून उदारपणे २० पट धरू. तरी ०.१९ चौरस मीटर. ६० भागिले ०.१९ केलं की चौरस मीटरला ३०० मेगावॅटच्या वर जातं. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघतात ते चौरस मीटरला ६३ मेगावॅट.

आणि आपल्याला झेपतं किती? इटरच्या टंगस्टन डायव्हर्टरचं डिझाइन १० मेगावॅट प्रति चौरस मीटर सततसाठी आणि थोड्या सेकंदांसाठी २० असं आहे. १० मेगावॅट म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोवॅट, म्हणजे घरातल्या १००० वॅटच्या इस्त्रीची सगळी उष्णता करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून सतत आत जातेय असं समज. रिफायनरीच्या फायर्ड हीटरमध्ये ट्यूबवर सरासरी ३५ किलोवॅट प्रति चौरस मीटर धरतात, म्हणजे हे त्याच्या जवळजवळ तीनशे पट. आपल्या धंद्यातला माणूस हे आकडे पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला दशांश चिन्ह चुकलंय असंच वाटतं.

आता तुझ्या मुख्य मुद्द्यावर येतो, पाणी वाढवायचं. इथे जरा थांबून नीट समजून घे कारण इंटरव्ह्यूमध्येही याच ठिकाणी मुलं अडकतात.

डायव्हर्टरचा तुकडा, ज्याला मोनोब्लॉक म्हणतात, तो असा असतो: टंगस्टनचा ठोकळा, साधारण २८ मिलीमीटर रुंद, त्याच्या मधून भोक, भोकात कॉपर-क्रोमियम-झिर्कोनियमची ट्यूब, आतून १२ मिलीमीटर, भिंत दीड मिलीमीटर, आणि दोघांच्या मध्ये मऊ तांब्याचा पातळ थर. ट्यूबमधून ४० बारच्या आसपास दाबाने पाणी, इनलेट ७० डिग्री, वेग सेकंदाला १० मीटरच्या घरात, आणि आत पिळलेली पट्टी ज्याने पाणी घुमत जातं. आता १० मेगावॅटला काय होतं बघ. प्लाझ्माकडून ट्यूबपर्यंत टंगस्टन ६ मिलीमीटर असेल आणि गरम टंगस्टनची कंडक्टिव्हिटी ११० वॅट प्रति मीटर प्रति डिग्री धरली तर नुसत्या त्या ६ मिलीमीटरमध्ये ५४५ डिग्रीचा फरक पडतो. २० मेगावॅटला १०९०. ही फूरिएची साधी डिव्हिजन आहे, पाण्याचा यात काही संबंधच नाही, तू शून्य डिग्रीचं पाणी सोड नाहीतर समुद्र सोड, टंगस्टनच्या आतला हा उतार तसाच राहणार. मग टंगस्टन पातळ कर म्हणशील, तर तो झिजतो, आणि पातळ केला तर काही काळातच खाली तांबं उघडं पडेल.

त्यापुढे ट्यूबची भिंत, तिथे अजून पन्नास-साठ डिग्री. त्यापुढे ट्यूब आणि पाणी यांच्यातली फिल्म, तिथे हीट ट्रान्सफर कोएफिशंट लाखभर वॅट प्रति चौरस मीटर प्रति डिग्री असा जबरदस्त मिळाला तरी शंभराच्या वर डिग्री जातात. आता गंमत बघ, पाणी स्वतः किती तापतं? एका चॅनलवर समजा १० सेंटिमीटर लांबीचा पट्टा १० मेगावॅटने तापतोय, रुंदी २८ मिलीमीटर, म्हणजे उष्णता २८ किलोवॅट. फ्लो १२ मिलीमीटरच्या ट्यूबमधून १० मीटर वेगाने म्हणजे सेकंदाला १.१ लिटर. पाण्याचं तापमान वाढतं फक्त ६ डिग्री! फ्लो वाढवून तू त्या सहाचे पाच करशील, त्याने भिंतीच्या तापमानाला फारसा फरक पडत नाही. पाणी कमी पडत नाहीये, उष्णता धातूतून पाण्यापर्यंत पोचवण्याची वाट अरुंद आहे.

वेग वाढवून फिल्म थोडी सुधारते, पण पंपिंग पॉवर वेगाच्या घनाने चढते, ट्यूबची आतून झीज होते, आणि वर क्रिटिकल हीट फ्लक्सचा कडा उभा असतो. तिथवर बुडबुडे मदत करतात, त्या कड्याच्या पलीकडे वाफेची चादर ट्यूबला चिकटते, कोएफिशंट कोसळतो आणि ट्यूब बघता बघता जळते. पिळलेली पट्टी तो कडा वर ढकलते म्हणून ती घालतात.

आणि मटेरियल दोन्हीकडून आवळलेलं आहे. टंगस्टन वितळतो ३४२२ डिग्रीला, ते ऐकून बरं वाटतं, पण १२०० ते १३०० डिग्रीच्या पुढे त्याचं रिक्रिस्टलायझेशन होऊन तो ठिसूळ होतो, आणि खालच्या बाजूला काहीशे डिग्रीच्या खाली तो मुळातच ठिसूळ असतो. तांब्याचा ॲलॉय साधारण ३०० ते ३५० च्या वर मऊ पडत जातो. टंगस्टनपेक्षा तांबं जवळजवळ चौपट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक पल्सला (प्लाझ्मा चालू-बंद होण्याच्या एका फेरीला) जॉइंटवर ओढाताण, म्हणून तर मध्ये मऊ तांबं घालतात की ते दबेल आणि बाकीचं वाचेल. रिॲक्टरमध्ये यावर न्यूट्रॉनचा मारा आहेच, कंडक्टिव्हिटी कमी होत जाते, तांब्याचा ठिसूळपणा वाढतो. म्हणून मी म्हणतो की १०–२० मेगावॅट ही मर्यादा काही आळसामुळे आलेली नाही, चांगल्या चांगल्या लोकांनी जीव ओतूनच ती इथवर आणली आहे.

अजून एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत येते आणि शॉप फ्लोअरवर सगळा वेळ खाते: कडा. फील्ड लाइन टार्गेटला अगदी तिरक्या कोनात घासत येतात, दोन-तीन डिग्री. त्या कोनामुळेच उष्णता पसरते. पण शेजारच्या दोन ठोकळ्यांत एक जरा वर असेल तर त्याची पुढची कड फील्ड लाइनला जवळजवळ काटकोनात सापडते, आणि २ डिग्रीच्या कोनाला हिशोब केला तर सपाट पृष्ठभागापेक्षा कडेवर सुमारे २९ पट उष्णता पडते. १० गुणिले २९. तिथे टंगस्टनसुद्धा वितळतो, जेटमध्ये मुद्दाम कड उघडी ठेवून हे करूनही पाहिलंय. म्हणून इटरच्या ठोकळ्यांना ०.५ मिलीमीटरचा उतार देतात, म्हणजे प्रत्येक ठोकळा पुढच्याची कड सावलीत ठेवतो, आणि शेजाऱ्यांमधला चढ-उतार ०.३ मिलीमीटरच्या आत ठेवावा लागतो. पण सावली दिली की तेवढा भाग उष्णता घेत नाही, म्हणजे आधीच कमी असलेली जागा अजून कमी. तू मशीनिंग आणि असेंब्लीला कमी लेखू नकोस, माझ्या मते या विषयातलं अर्धं यश फिटरच्या हातात आणि मेट्रॉलॉजीत आहे. मोठं मशीन असो की छोटं, टॉलरन्स तेवढाच लागतो, आणि छोट्यात हात घालायला जागा नसते.

बरं, मग ३०० चे १० करायचे कसे? वर तो ०.७ मेगावॅटचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. उष्णता कणांच्या रूपात आली तर ती पातळ पट्ट्यात पडते, पण तीच प्रकाश होऊन बाहेर पडली तर सगळ्या दिशांना जाते आणि पूर्ण भिंतीवर वाटली जाते. म्हणून डायव्हर्टरमध्ये मुद्दाम थोडा निऑन, आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडतात. तो कडेच्या प्लाझ्मातली ऊर्जा घेऊन अल्ट्राव्हायोलेटमध्ये फेकून देतो, प्लाझ्मा थंड होत जातो, आणि टार्गेटजवळ ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (प्लाझ्माचं तापमान या एककात मोजतात) खाली आला की वेगळंच जग सुरू होतं: आयन न्यूट्रल गॅसवर आपटून वेग गमावतात, अजून थंड झालं की आयन आणि इलेक्ट्रॉन वाटेतच परत एकत्र येतात, आणि टार्गेटवर कणांचा मारा कमी होतो. याला डिटॅचमेंट म्हणतात. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण प्लाझ्मा कितीही थंड झाला तरी प्रत्येक आयन धातूवर येऊन न्यूट्रल होताना १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट तिथे सोडतोच, म्हणजे नुसतं तापमान उतरवून पुरत नाही, आयनांची संख्याही उतरवावी लागते. शिवाय प्लाझ्मा थंड असेल तर टंगस्टनची झीज जवळजवळ थांबते, हा दुसरा मोठा फायदा, नाहीतर तोच टंगस्टन आत जातो आणि मधल्या प्लाझ्मात लाखात काही अणू इतका झाला तरी तो रेडिएशनने आग विझवायला लागतो.

हे ऐकून वाटेल की सुटला प्रश्न. नाही सुटला, कारण हे काठावर चालणं आहे. गॅस कमी पडला तर प्लाझ्मा परत टार्गेटला चिकटतो, आणि वरचा ६ मिलीमीटर टंगस्टन धरला तर उष्णता पार व्हायला जेमतेम सेकंदभर लागतो, म्हणजे कंट्रोल सिस्टिमकडे वेळ आहे तो एवढाच, त्यातला काही गॅसला पाइपातून पोचायलाच जातो. गॅस जास्त झाला तर रेडिएशनचा भाग वर सरकत एक्स-पॉइंटपर्यंत (प्लाझ्माच्या हद्दीची रेषा जिथे स्वतःलाच छेदते ती जागा) आणि पुढे आत जातो, मधला प्लाझ्मा थंडावतो आणि सगळं डिसरप्शनमध्ये, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळण्यात, संपू शकतं. जर्मनीत गार्खिंगच्या ॲस्डेक्स अपग्रेडवर तो चमकणारा भाग एक्स-पॉइंटच्या जरा वर मुद्दाम धरून ठेवायचं जमवलंय, मला हे काम फार आशादायक वाटतं. गॅस कोणता यातही पेच आहेत: नायट्रोजन उत्तम काम करतो पण हायड्रोजनशी मिळून अमोनिया होतो, आणि ट्रिटियमच्या प्लांटमध्ये ट्रिटियमवाला अमोनिया कुणालाच नको असतो, म्हणून इटरचा कल निऑनकडे आहे.

दुसरा रस्ता भूमितीचा, आणि इथे एक नाव तुला मुद्दाम सांगतो. प्रशांत वळंजू. टेक्सस विद्यापीठात कोचेनरॉयटर आणि स्वदेश महाजन यांच्याबरोबर त्यांनी २००९ मध्ये सुपर-एक्स डायव्हर्टरचा पेपर लिहिला, पहिलं नाव त्यांचंच आहे. कल्पना अशी की डायव्हर्टरचा पाय लांब करून टार्गेट शक्य तेवढ्या मोठ्या त्रिज्येवर न्यायचं. त्रिज्या वाढली की परीघ वाढतो, तिथे टोरॉइडल (कड्याच्या लांबीने फिरणारं) क्षेत्र कमी असल्याने फील्ड लाइनचा गुच्छ फाकतो, आणि लांब रस्त्यात रेडिएशनला व थंड व्हायला वाव मिळतो. इंग्लंडमध्ये कल्हमला मास्ट अपग्रेडवर हे प्रत्यक्ष बांधलं, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पहिला प्लाझ्मा आणि २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की टार्गेटवरची उष्णता निदान दहा पटीने उतरते. माझ्या लेखी हा या क्षेत्रातला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात ठोस निकाल आहे, आणि पाय लांब असला की डिटॅचमेंटचं ते काठावरचं चालणंही पुष्कळ रुंद होतं, कंट्रोलवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या टीसीव्हीवर स्नोफ्लेक नावाची दुसरी रचना करून पाहिली, तीही अभ्यासण्यासारखी आहे.

पण कॉम्पॅक्ट मशीनमध्ये लांब पाय ठेवायचा कुठे? सगळं मॅग्नेटच्या पोटातच बसवायचं असतं, आणि मॅग्नेटच्या आतली प्रत्येक घन फूट जागा हे या मशीनमधलं सगळ्यात महाग रिअल इस्टेट. लांब पायासाठी टोरॉइडल कॉइल मोठी केली तर कॉम्पॅक्टपणा गेला, ब्लँकेट कमी केलं तर ट्रिटियम कमी पडेल आणि कॉइलपर्यंत न्यूट्रॉन पोचतील. आर्कच्या पुढच्या डिझाइनमध्ये लांब पाय ब्लँकेटच्या टाकीतूनच वळवून काढलाय, ते ड्रॉइंग जरूर बघ. गोल टोकामॅकमध्ये वेगळा त्रास, तिथे मधला खांब इतका बारीक की आतल्या बाजूच्या टार्गेटला जागाच नाही, म्हणून वर-खाली दोन्हीकडे डायव्हर्टर ठेवून बरीचशी उष्णता बाहेरच्या पायांकडे वळवतात.

पल्सच्या बाबतीत सावध राहा. मॅसॅच्युसेट्समध्ये बांधला जातोय तो स्पार्क हा कॉम्पॅक्ट टोकामॅक, त्रिज्या १.८५ मीटर, १२.२ टेस्ला, १४० मेगावॅट फ्युजनपर्यंत, पण पल्समधला पूर्ण पॉवरचा सपाट भाग साधारण १० सेकंदांचा. इतक्या कमी वेळात टाइलला पाण्याने थंड करायचीच गरज नसते, ती उष्णता पिऊन घेते आणि दोन पल्सच्या मध्ये निवते. आकडा सांगतो: जाड टंगस्टनवर १० मेगावॅट पडले तर पृष्ठभाग एका सेकंदात सुमारे ६०० डिग्रीने चढतो आणि चढण वेळेच्या वर्गमुळाने असल्याने १० सेकंदांत १८००–१९०० ने. म्हणून उष्णतेचा पट्टा टाइलवर पुढे-मागे हलवतात, जेटमध्ये हे सेकंदाला चार वेळा करायचे. प्रयोगासाठी हे अगदी योग्य आहे, मला स्पार्क मनापासून यशस्वी व्हायला हवा. पण त्या १० सेकंदांवरून वर्षभर चालणाऱ्या पॉवर प्लांटच्या एक्झॉस्टचा निष्कर्ष काढू नये. उलट बाजूला फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकने १२ फेब्रुवारी २०२५ ला १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला, पाण्याने थंड होणाऱ्या टंगस्टन डायव्हर्टरवर, पण तिथे हीटिंग २ मेगावॅटच होती. वेळ एकाकडे, पॉवर दुसऱ्याकडे. दोन्ही एकत्र अजून कोणाकडे नाही.

ईएलएम म्हणजे कडेचे स्फोटक धक्के आणि डिसरप्शन, यावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की मोठे ईएलएम कॉम्पॅक्ट मशीनमध्ये चालूच द्यायचे नाहीत, ते नसतील अशाच पद्धतीने मशीन चालवायचं, दुसरा पर्याय नाही. लिक्विड लिथियम किंवा टिनच्या भिंतीबद्दल बरेच जण विचारतात. वितळलेलं वितळत नाही, झिजलं तर पुन्हा भरतं, हे सगळं खरं. पण चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या धातूला ब्रेक लागतो, लिथियम ट्रिटियम धरून ठेवतो, आणि खालची उष्णता शेवटी त्याच तांब्या-पोलादातून काढावी लागते. काम चालू राहायला हवं, पण पुढच्या दहा वर्षांचं डिझाइन मी त्याच्या भरवशावर करणार नाही.

म्हणून उद्या कुठल्याही कंपनीचं चकचकीत प्रेझेंटेशन बघशील तेव्हा हद्द ओलांडणारी पॉवर भागिले त्रिज्या हा आकडा आधी शोध. इटरला तो १६ मेगावॅट प्रति मीटरच्या आसपास येतो. त्यांचा किती, त्यातला किती भाग रेडिएशनने जाणार, आणि गॅस व्हॉल्व्ह एक सेकंद अडकला तर टार्गेटचं काय होणार, हे विचार. उत्तर असेल तर ते लोक आनंदाने देतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

आता प्रोजेक्ट. नक्की करता येईल, आणि गुजरातेत बसून करायला हा चांगला विषय आहे. गांधीनगरजवळ भाटला प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, तिथे आदित्य टोकामॅक १९८९ पासून, एसएसटी-१ हा सुपरकंडक्टिंग टोकामॅक आहे, आणि २०० किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन बीमने ठोकळे तापवून तपासायची सोयही आहे. आपल्या वडोदऱ्याच्या आयनॉक्सने तर इटरसाठी क्रायोलाइनचं (अतिथंड द्रव-वायू वाहणाऱ्या पाइपलाइनचं) काम केलंय. पण त्या बीमपर्यंत जायच्या आधी कॉलेजच्या लॅबमध्येच पुष्कळ होतं. पहिला भाग: एका मोनोब्लॉकचं टू-डी थर्मल मॉडेल, ५ ते २० मेगावॅट, टंगस्टनची कंडक्टिव्हिटी तापमानाप्रमाणे बदलती घे, कॉन्स्टंट घेतलीस तर २० ला आकडे फसवतील. फिल्म कोएफिशंट एकच न घेता ट्यूबच्या वरच्या बाजूला बॉइलिंग सुरू होतं तिथपर्यंत पकड. दुसरा भाग: जॉइंटमध्ये एक रिकामी जागा टाक, आधी ट्यूबभोवती १० डिग्री कोनाची, मग २०, ३०, ५०, आणि कुठल्या जागी ठेवली की ट्यूबचं तापमान हाताबाहेर जातं ते बघ, प्लाझ्माच्या बाजूला आणि कुशीला फार फरक येतो. तिसरा भाग प्रत्यक्षातला: तांब्याची ट्यूब, तांब्याचाच ठोकळा, मुद्दाम अर्धवट केलेलं ब्रेझिंग, आत गरम पाणी अचानक सोडायचं आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बाहेरून बघायचं की कुठला भाग उशिरा तापतो. हीच पद्धत खऱ्या डायव्हर्टरच्या तपासणीत वापरतात. मकरपुऱ्यात चांगलं व्हॅक्यूम ब्रेझिंग करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन जा, समोर बसून बोल, फर्नेसची सायकल त्यांच्याकडून समजून घे, आणि अर्धवट जॉइंट का हवाय ते आधीच स्पष्ट सांग, नाहीतर ते तुला चांगलाच करून देतील. तांबं पॉलिश असेल तर कॅमेरा खोटं तापमान दाखवेल, वरून मॅट काळा रंग मार. मॉडेलचे पहिले आकडे आले की मला पाठव, विशेषतः २० मेगावॅटला ट्यूबच्या आतल्या भिंतीवरचा फ्लक्स, कारण ठोकळ्याच्या रुंदीवरून तो वळून ट्यूबवर एकवटतो आणि वरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त येतो, ते तुझ्या मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे.